रेघेखालचं कारण

विद्यापीठानं फेलोशिपची पुस्तिका काढली तेव्हा माझ्या नावापुढं एक आडवी रेघ होती.

पुस्तिका गुळगुळीत कागदाची, रंगीत. ऑनर्स फेलोशिप घेऊन बाहेर पडलेल्या प्रत्येकाचं नाव, गाव, वर्ष आणि शेवटच्या रकान्यात कर्तृत्व. कुणी परदेशात प्रयोगशाळा सांभाळतंय, कुणी मोठा अधिकारी झालाय, कुणाच्या नावावर औषधाचा शोध आहे. त्यांचं कर्तृत्व खोटं नाही. त्यातल्या दोघी माझ्या खोलीतल्या. परीक्षेच्या दिवसांत एकाच पातेल्यातलं उप्पीट आम्ही तिघींनी खाल्लंय, त्यांच्या कष्टाची मला पुरती कल्पना आहे. मला त्यांचा हेवा वाटला नाही. मला राग आला तो त्या रेघेचा.

तशा रेघा आणखी तीन होत्या. एक खजुरी गावाकडच्या मुलाच्या नावापुढं. तहसिलात येणाऱ्या म्हाताऱ्यांना त्यांच्याच जमिनीचे कन्नड कागद वाचता येत नाहीत. हा त्यांना ते मराठीत समजावून सांगतो, आणि त्याच्यामुळं कितीतरी भावाभावांच्या वाटण्या डोकी न फुटता झाल्यात. दुसरी कोहिनूर गावाकडची नर्स. तिसरा आमच्याच तालुक्यातला, तुरीचं जुनं बियाणं जपणारा. चौथी मी. चौघंही सीमाभागाच्या जागांवरून आलेले. चार रेघा आणि चारही आमच्याच वाट्याला, एवढा अचूक नेम चुकून लागत नाही.

सीमाभागाच्या जागा म्हणजे काय, ते सांगते. बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत महाराष्ट्राला लागून जे तालुके आहेत, तिथं दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी ह्या फेलोशिपमध्ये दरवर्षी दोन जागा असतात. पदवी झाली की दोन वर्षं कलबुर्गीत राहायचं. वसतिगृह, ग्रंथालय, प्रयोगशाळा, डोक्यावर एक प्राध्यापक आणि शेवटी स्वतःचा प्रबंध. मी मुलाखतीला गेले तेव्हा समितीनं इंग्रजीत प्रश्न विचारला, मी माझ्या कन्नडमध्ये उत्तर दिलं आणि टेबलापलीकडं हशा पिकला. आमची कन्नड ऐकली की तिकडच्यांना हसू येतं आणि आमची मराठी ऐकली की पुण्याच्यांना. आम्हाला दोन्हीची सवय आहे. एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी तोच प्रश्न सोप्या कन्नडमध्ये पुन्हा विचारला, मी तेच उत्तर पुन्हा दिलं, आणि ह्या वेळी ते त्यांनी लिहून घेतलं.

माझा विषय होता जमिनीखालचं पाणी. प्रबंधासाठी मी नकाशा केला होता. पाणी जवळ असेल तिथं गडद निळा, खोल असेल तिथं फिकट. सरकारी नोंदी जिथं जिथं होत्या तिथं रंग भरला. मांजरा नदीच्या अलीकडं, आमच्या गावाच्या आसपास मात्र नकाशा कोराच राहिला, कारण तिथल्या विहिरी कुणी कधी मोजल्याच नव्हत्या. कोऱ्या जागेत मी नियमाप्रमाणं लिहिलं, माहिती उपलब्ध नाही. त्या प्रबंधाला पदक मिळालं. पदक घेऊन गावी आले तर माय म्हणाली, आपल्या विहिरीत आणखी किती दिवसाचं पाणी आहे ते सांग. मला सांगता येईना. माझ्या गळ्यात पदक आणि माझ्याच गावचा आकडा माझ्याकडं नाही. मला त्या पदकाची लाज वाटली, सरळ सांगते.

बंगळुरूच्या एका संस्थेत जागा मिळत होती. मी शिक्षकभरतीची परीक्षा दिली आणि औरादजवळच्या आमच्याच गावात सरकारी मराठी हायस्कूलवर विज्ञान शिकवायला आले. लोक म्हणाले, एवढी शिकून खडू धरायला आली. माझ्या नवऱ्याचं औरादला खताचं दुकान आहे, त्यानं लोकांना सांगितलं की तिला बंगळुरूची हवा मानवत नाही. मला हवेचं काही नव्हतं. मला तो कोरा ठिपका भरायचा होता.

त्यासाठी लागली एक दोरी. यंत्रं विद्यापीठात होती, आमच्याकडं सुतळीचे दोर होते. मुलांनी नऊ विहिरी निवडल्या, दोरीला खुणा केल्या, खाली वजन म्हणून तराजूतलं जुनं माप बांधलं. मोजायचा दिवस अमावस्या, हे मुलांनीच सुचवलं. अमावस्येला आमच्याकडं औत धरत नाहीत, बैलांना विसावा असतो, आणि त्या दिवशी सकाळी मोटारही कुणी चालू करत नाही. म्हणजे विहीर रातभर न ढवळता राहिलेली असते. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं.

पहिल्या वर्षी मी एक ढोबळ चूक केली. दोरी कोरडी असताना खुणा केल्या. सुतळी भिजली की तिची लांबी बदलते, हे मी स्वतः वर्गात शिकवलेलं, आणि विहिरीवर विसरले. वर्षभर मोजलं आणि वर्षाच्या शेवटी कळलं की सगळे आकडे बिघडलेत. मुलं म्हणाली, अंदाजानं दुरुस्त करू. मी म्हटलं, नाही. पहिल्या वहीच्या प्रत्येक पानावर आडवी रेघ मारली आणि रेघेखाली मुलांकडून लिहवून घेतलं, 'दोरी कोरडी होती. चूक बाईंची.' त्याखाली मी सही केली. तेव्हापासून आमच्या वहीचा नियम आहे, रेघ मारायची असेल तर खाली कारण लिहायचं. पाऊस असेल, कुणाच्या घरी मयत असेल, मालकानं विहिरीवर येऊ दिलं नसेल, जे असेल ते.

पुढं अकरा वर्षं, एकही अमावस्या विसरली नाही. वह्या शाळेच्या कपाटात. त्या वह्यांमुळं पुढं काय झालं ते गावाला माहीत आहे. ज्या वर्षी आश्विनातच पाणी दरवर्षीपेक्षा खाली गेलं, त्या वर्षी आम्ही ते शाळेच्या भिंतीवर लिहिलं, आणि माळावरच्या शेतकऱ्यांनी ऊस लावायचा बेत सोडून करडई केली. करडई हाताला लागली. शेजारच्या गावी ऊस वाळला. आता शेजारच्या गावचीही मुलं दोरी घेऊन येतात.

आमच्या शाळेतली एक मुलगी आठवीत असताना दोरी धरायला आली. तिच्या घरची विहीर नऊपैकी सगळ्यात खोल. घरात बोलायला मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी उर्दू, औरादच्या बाजूला तेलुगूही. चारही भाषांत ती हुज्जत घालू शकते. दहावीनंतर तालुक्याच्या कॉलेजात गेली, बी.एस्सी.ला आली, तरी अमावस्या सोडली नाही. वह्या शेवटी तिच्याच ताब्यात गेल्या. फेलोशिपच्या सीमाभागाच्या जागेवर तिचा डोळा होता आणि माझा तिच्यावर. तिचे वडील वाईट माणूस नव्हेत, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की जागा मिळाली तर कलबुर्गी, न्हाईतर जूनमध्ये हैदराबादला मावशीकडं, तिथं कुठल्याशा दुकानात कॉम्प्युटरवर बसायची नोकरी ठरलेली आहे.

आणि त्याच वर्षी विद्यापीठाला सीमाभागाच्या जागांचा विचार पडला. ह्या जागांवरून गेलेल्यांनी पुढं काय दिवे लावले ते बघून जागा ठेवायच्या की मोडायच्या ते ठरवू, असं झालं. मी तीन वेळा माझी माहिती कळवली होती. शेवटी पत्र आलं की पाहणी समिती येते आहे, सोयीचा दिवस कळवा.

मी कळवला. आणि इथं माझी दुसरी चूक झाली.

मी येळवस कळवली. मार्गशीर्षातली अमावस्या, आमच्याकडचा सगळ्यात मोठा सण. त्या दिवशी नऊच्या नऊ विहिरींवर माणसं असतात, मोजणी बघायला त्याहून चांगला दिवस नाही, असा माझा हिशेब. येळवसला गावात कुणी राहत नाही. घराला कुलूप, शाळेला सुट्टी, सगळं गाव शेतात. कडब्याची कोपी, म्हणजे खोप, करायची, पूजा करायची, डाळी-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातलं आंबील. वाटेनं कुणीही जाताना दिसलं की हाक मारून बसवायचं, मग तो ओळखीचा असो नसो. आमच्याकडच्या माणसाला येळवसला गाव रिकामं दिसलं तर तो वाट विचारत नाही, सरळ शेताकडं वळतो. हे पत्रात लिहावं, असं माझ्या डोक्यातच आलं नाही. सूर्य उगवतो हे कुणी पत्रात लिहितं का?

समिती दुपारी बाराच्या सुमारास आली. बंगळुरूकडची दोन माणसं आणि गाडी. शाळेला कुलूप, माझ्या घराला कुलूप, गल्लीत कुत्री. त्यांनी मला तीन फोन केले. माझा फोन कोपीत, भाकरीच्या टोपल्याखाली, आणि मी चौथ्या विहिरीवर. अर्धा तास थांबून त्यांनी कुलपाचा फोटो काढला आणि निघून गेले. आम्ही पाहुण्यांच्या वाटणीचं आंबील दिवस मावळेपर्यंत झाकून ठेवलं होतं. पोरं सारखी वाटेकडं बघत होती.

अहवालात लिहिलं गेलं, शाळा बंद, कुणी हजर नाही, काम आढळले नाही. बाकीच्या तिघांकडं तर समिती फिरकलीच नाही. आणि माघात पुस्तिका आली, रेघांसकट. तिच्याबरोबर माजी फेलोंच्या मेळाव्याचं निमंत्रण.

नवऱ्यानं पुस्तिका चाळली आणि म्हणाला, रेघ तरी सरळ मारलीय. तो असाच आहे. मग म्हणाला, जाऊ दे, तुला काय फरक पडतो. मला फरक पडत नव्हता, हे खरंच. माझी नोकरी कुठं जाणार नव्हती. पण मी कलबुर्गीच्या कार्यालयात फोन लावला, तिथं माझ्या वेळचे कारकून अजून होते, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. अण्णांनी हळू आवाजात सांगितलं की मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी बैठक आहे, सीमाभागाच्या जागा त्यात निघणार, आणि अहवाल बघता त्या राहणं अवघड. मी विचारलं, कुणाशी बोलावं लागेल. म्हणाले, संचालकांशी, पण नवे आहेत, दक्षिणेकडचे, भौतिकशास्त्राचे, आणि पुराव्याशिवाय त्यांच्यापुढं कुणी तोंड उघडत नाही.

मग पुरावाच नेते, असं मी ठरवलं. बारा वह्या एका पिशवीत, दोरी दुसऱ्या पिशवीत. मुलीला म्हटलं, चल. ती म्हणाली, "बाई, मी कामून? माझं नाव तर पुस्तकात रेघंपुरतंबी न्हाई." मी म्हटलं, म्हणूनच.

मेळाव्याच्या हॉलमध्ये फोटोंची रांग होती. माझ्या खोलीतली एकजण परदेशातून आली होती, मला बघून धावत आली आणि गळ्यात पडली. पिशवीत काय आहे, तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं दोरी हातात घेऊन बघितली आणि म्हणाली की तिच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षांची सलग नोंद कुणाकडं नाही. हे ती माझं मन राखायला म्हणत नव्हती, तिला तशी सवयच नाही. पण रकाना भरायचं तिच्या हातात नव्हतं.

संचालकांनी भेटायला दहा मिनिटं दिली. उंच, शांत माणूस. बोलणं सगळं कन्नडमध्ये झालं. त्यांचं त्यांच्याकडचं, आमचं आमच्याकडचं. त्यांनी अहवाल काढला, कुलपाचा फोटो माझ्यापुढं सरकवला आणि सांगितलं की एक मार्ग आहे. त्यांनी मजकूर तयार करूनच ठेवला होता. कळवलेल्या दिवशी शाळा बंद ठेवल्याबद्दल आणि गैरहजर राहिल्याबद्दल मी दिलगीर आहे, अशा चार ओळी. मी सही केली तर तो कागद बैठकीत ठेवता येईल आणि जागांना वर्षभराची सवलत मागता येईल. पुस्तिकेतल्या रेघेऐवजी पुढच्या खेपेला माझ्याबद्दल काहीतरी बरं लिहिताही येईल.

मी कागद वाचला. शेजारी ती मुलगी बसली होती, तिचं कलबुर्गी की हैदराबाद ते ह्या कागदावर होतं. चार ओळी तर होत्या. सही करायला किती वेळ लागतो? माझा हात पेनाकडं गेलाही होता, हे मी लपवत नाही. पण मला कोपीत झाकून ठेवलेलं ते आंबील आठवलं, वाटेकडं बघणारी पोरं आठवली, आणि माझं पित्त खवळलं. पेन मी खाली ठेवलं.

"सर, त्या दिवशी सगळं गाव हजर होतं," मी म्हटलं. "गैरहजर तुम्ही होता."

संचालकांनी अहवालावरची तारीख बघितली. मग मी त्यांना येळवस म्हणजे काय ते सांगितलं. हेही सांगितलं की ते पत्रात न लिहिणं ही माझी चूक आहे आणि त्या चुकीचा कागद मी माझ्या हातानं लिहून देते. पण शाळेला त्या दिवशी सुट्टीच होती, ती बंद ठेवण्याची दिलगिरी मी देणार नाही, आणि नऊ विहिरींवर जी माणसं उभी होती त्यांना मी गैरहजर म्हणणार नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आमच्याकडं म्हणतात. आमच्या आडात होतं. तुमचा पोहराच खाली उतरला नाही. 

त्यांनी पिशवीकडं बोट केलं. मी वह्या टेबलावर मांडल्या. त्यांनी मधलीच एक उचलली, चार पानं बघितली, दोरी चिमटीत धरून बघितली आणि एकच प्रश्न विचारला. सुतळी भिजली की तिची लांबी बदलते. मग ह्या अकरा वर्षांतल्या एका तरी आकड्यावर मी भरवसा का ठेवावा?

प्रश्न रास्त होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती मुलगी बोलली. आमच्याकडच्या कन्नडमध्येच, पण तिचं बोलणं मला आमच्या बोलीतच आठवतं.

"मनून तर आमी दोरी आदल्या दिशी भिजत घालतो, सर. शाळेच्या व्हरांड्यात शहाबादी फरशी हाय, तिच्यावर छिन्नीनं खुणा मारल्याव. मोजायला जायच्या आधी दोरी त्या खुणांवर ताणून बघायची, आन मोजून आल्यावर पुन्ना बघायची. दोन्ही येळेला जमलं तरच आकडा वहीत. न्हाई जमलं तर रेघ."

संचालक पुढं झुकले. त्यांनी विचारलं, हे पहिल्यापासून करता? ती म्हणाली, न्हाई. पहिल्या वर्षी बाई चुकल्या होत्या. आणि तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, सरळ पहिली वही काढून त्यांच्यापुढं उघडली. पानापानावर रेघ. त्यांना हिंदीमुळं देवनागरी अक्षरं लागत होती, अर्थ तिनं सांगितला, 'दोरी कोरडी होती. चूक बाईंची.' त्यांनी खालची माझी सही बघितली. मग माझ्याकडं बघितलं. मग पान उलटून पुढच्या पानावरची सही बघितली. त्या खोलीत गेल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं की समोर एक शिकलेला माणूस बसलाय.

ते म्हणाले, तुमच्या रकान्यातली रेघ काढायला सांगतो, तिथं काय लिहायचं ते तुम्ही द्या.

"रेघ राहू द्या," मी म्हटलं. "आमच्याकडं रेघ मारली की खाली कारण लिहावं लागतं. तुमच्या पुस्तिकेत चार रेघा आहेत आणि एकीच्याही खाली कारण नाही. तेवढं लिहा."

त्यांनी बैठकीसाठी वह्या ठेवून जाल का, एवढंच विचारलं. बारा वर्षांच्या वह्या, दुसरी प्रत नाही, माझा हात वह्यांवरून निघेना. मुलगी मराठीत म्हणाली, "द्या बाई. मी सगळ्याचे फोटो काढून ठेवल्याव." पुढच्या वेळी हे आधी सांगत जा, असं मी तिला जिन्यात सुनावलं. चुकीचा कागद मी अण्णांच्या टेबलावर बसून माझ्या हातानं लिहिला. त्यात येळवसचं कळवलं नाही हे होतं. दिलगीर हा शब्द एकदाच होता, तोही त्या न कळवण्याबद्दल.

परतीच्या बसमध्ये मला धडकी भरली. बीदर येईपर्यंत मी स्वतःला शिव्या घातल्या. माझा ताठा आणि भरणार ती पोरगी. मी तिला म्हटलंही, की मी सही करायला हवी होती. ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. म्हणाली, सही केली असती तर मी त्या जागेवर गेलेच नसते. ती खरं बोलत होती की माझी समजूत काढत होती, मला कळलं नाही. एकवीस वर्षांच्या मुलीनं माझी समजूत काढावी, ह्याचंही मला वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी अण्णांचा फोन आला. संचालकांनी बैठकीत पहिली वही, रेघांची, सगळ्यांपुढून फिरवली म्हणे. बाकीच्या अकरा कुणी मागितल्याच नाहीत. सीमाभागाच्या दोन्ही जागा राहिल्या.

उन्हाळ्यात मुलाखत झाली. मुलीला इंग्रजीत विचारलं, तिनं आमच्या कन्नडमध्ये उत्तर दिलं. मी बाहेर बाकावर बसले होते. मी कान देऊन ऐकलं, टेबलापलीकडून हसू आलं नाही. जूनमध्ये तिचे वडील तिला हैदराबादच्या नव्हे, कलबुर्गीच्या बसमध्ये बसवायला आले. येताना तिच्या पेटीवर सुतळीचा नवा दोर बांधून आणला होता. म्हणाले, तिथंबी विहिरी असतील की.

दोरी आता नववीतल्या मुली धरतात. त्या वर्षीच्या येळवसला मी पत्र पाठवून सगळ्या समितीला शेतात बोलावलं. कोपी कुठल्या वाटेला आहे त्याचा नकाशाही काढून दिला, माझ्या प्रबंधातल्यापेक्षा तो चांगला आला. कुणी आलं नाही. त्यांच्या वाटणीचं आंबील आम्हीच प्यालो.

आणि परवा, शाळा भरलेली असताना, तिचा वसतिगृहातून फोन आला. नवी पुस्तिका आली होती. नव्या फेलोंत तिचं नाव होतं, ते तिनं एका वाक्यात उरकलं.

"बाई, तुमच्या नावापुढं रेघ हाय," ती म्हणाली. "आन खाली बारक्या अक्षरात लिवलंय, पाहणीच्या दिवशी समिती गैरहजर."

मी विचारलं, बाकीच्या तिघांच्या?

"तिघांच्याबी खाली हाय. समिती पोचली नाही, असं."

मी तिला म्हटलं, थांब. फोनचा आवाज मोठा केला, तो टेबलावर ठेवला आणि नववीच्या सगळ्या वर्गाला गप्प बसायला सांगितलं.

मग तिला म्हटलं, आता पुन्हा वाच.